पंचाने बोलायचं नसतं

भोंगा वाजला त्या क्षणी चेंडू पोराच्या बोटांत होता की बोटांतून सुटला होता, एवढाच काय तो प्रश्न होता. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात मेकन शहराच्या उत्तरेला पाइनच्या झाडीत एका शाळेची जिम, मुलांच्या बास्केटबॉलची उपांत्य फेरी, आणि घरचा संघ एका गुणाने मागे. चेंडू जाळीतून खाली पडला तसे घरच्या बाजूचे लोक पायऱ्या उतरून थेट मैदानात घुसले. व्हॉनेटा ग्रिफिनने शिट्टी वाजवून सगळ्यांना जागच्या जागी थांबवलं आणि आपल्या दोन्ही जोडीदारांना मध्ये बोलावलं.

मुख्य पंच ती होती, पण त्या फेकीवर नजर ठेवायचं काम तिचं नव्हतं. ते रँडी कोलचं होतं. रँडी गोरा, पन्नाशीचा, शांत माणूस. गेली कित्येक वर्षं दोघं एकत्र सामने करत होते.

"उशीर झाला," रँडी म्हणाला. "भोंगा वाजला तेव्हा चेंडू हातातच होता."

"नक्की?"

"नक्की. वेळ संपल्याचा बोर्डावरचा लाल दिवा आणि त्याचा हात, दोन्ही एकदम दिसत होते मला."

तिसरा पंच पलीकडच्या टोकाला होता. त्याला काही दिसलं नव्हतं. शाळेच्या सामन्यांत चित्रण मागे नेऊन बघायची सोय नसते. पंचांनी पाहिलं तेच खरं. व्हॉनेटा टेबलाशी गेली आणि तिने दोन्ही हात छातीसमोर आडवे फिरवले. बास्केट बाद. पाहुणा संघ अंतिम फेरीत.

लोक ओरडले. ते ओरडतातच, तिकिटाबरोबर तेवढा हक्क मिळतो असं त्यांना वाटतं, आणि व्हॉनेटाला त्याची सवय होती. बंदोबस्तावरच्या पोलिसाने तिघांना गाडीपर्यंत सोडलं. घरी जाऊन तिने गरम पाण्यात पाय बुडवले आणि झोपली.

सकाळी मोबाइल उघडला तर तो जागच्या जागी थरथरतच राहिला.

कुणीतरी सामन्याच्या चित्रणाचा काही सेकंदांचा तुकडा टाकला होता. त्यात चेंडू जाळीत पडतो, लोक नाचतात, आणि मग एकटी व्हॉनेटा हात फिरवते. तिघांची मसलत कापून टाकलेली. रँडी चौकटीबाहेर. खेळाच्या बातम्या देणाऱ्या एका मोठ्या पानाने तो तुकडा उचलला आणि वर लिहिलं, 'बाईंना घरी जायची घाई झाली होती.' दुपारपर्यंत तो अशा गावांत पोचला होता जिथल्या लोकांना जॉर्जियातली ही शाळा नकाशात दाखवता आली नसती.

बास्केट बरोबर की चूक, यावर जेमतेम दहातला एक माणूस बोलत होता. बाकीचे तिच्या वेण्यांवर, नाकावर, कमरेवर. कुणी तिला कुठल्या जनावराच्या पिंजऱ्यातून सोडलं असं विचारत होतं. हिला कातडीच्या रंगावर शिट्टी मिळाली, असं कुणी छातीठोकपणे सांगत होतं. ही बाई कुठे राहते हे कुणाला माहीत आहे का, अशीही एकाने चौकशी केली होती, आणि त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती.

व्हॉनेटाच्या डोक्यात तिडीक गेली. तिने उत्तर लिहायला घेतलं: निर्णय तिघांचा होता. मग थांबली. पंच-संघटनेचा नियम होता की सामन्याबद्दल पंचाने बाहेर एक अक्षर बोलायचं नाही. आणि चांगल्या पंचाचा त्याहून जुना एक नियम होता, की जोडीदाराचं नाव पुढे करायचं नाही. तिने लिहिलेलं पुसलं.

सामने वाटून देणाऱ्या कार्ल हचिन्सला तिने फोन केला.

"बघितलं मी," कार्ल म्हणाला. "तू गप्प बस. तीन-चार दिवसांत लोक दुसऱ्या कुणाच्या मागे लागतील."

"कार्ल, संघटनेने एक ओळ तरी लिहावी. निर्णय तिन्ही पंचांनी मिळून घेतला, एवढंच."

"लिहिलं की आगीत तेल. मी तुझ्या भल्यासाठीच सांगतोय, व्हॉनेटा."

रँडीचा संदेश आला होता. एक उंचावलेला अंगठा आणि 'धीर धर.' तिने तो अंगठा बराच वेळ पाहिला.

दिवसा ती एका दंतवैद्याच्या दवाखान्यात दात साफ करण्याचं काम करायची. सोमवारी ती तिथे पोचली तर स्वागतकक्षातली मुलगी तिच्या नजरेला नजर देईना. दवाखान्याच्या ऑनलाइन पानावर शे-दीडशे लोकांनी एकेक तारा देऊन ठेवला होता. त्यातल्या एकाचाही दात त्या खुर्चीत कधी तपासला गेला नव्हता. एकाने लिहिलं होतं, 'हिला घड्याळ बघता येत नाही, दाढ काय दिसणार?'

डॉक्टर व्हिटलॉक सज्जन माणूस. त्याने तिला आतल्या खोलीत बसवलं, कॉफी दिली.

"हे चुकीचं आहे," तो म्हणाला. "मला फार वाईट वाटतंय."

"थँक यू."

"तू आठवडाभर घरी राहा. पगार कापणार नाही मी. आणि आपल्या पानावरचा तुझा फोटो तात्पुरता काढलाय. तुझ्याच भल्यासाठी."

"डॉक्टर, मी काय केलंय?"

"काहीच नाही. म्हणून तर म्हणतोय."

काहीच केलं नाही म्हणून घरी बसायचं. तिने कॉफी तशीच ठेवली आणि कोट घातला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि मारणारे मारत होतेच, पण तोंड दाबणारे सगळे आपलेच, गोड बोलणारे, याचा तिला जास्त संताप येत होता.

घरी आई स्वयंपाकघरात चष्मा नाकावर ओढून मोबाइल घेऊन बसली होती. अर्नेस्टीन ग्रिफिन, वय सत्तरीच्या आसपास, उभा जन्म शाळेची बस चालवलेली. टेबलावर कोलार्डची पानं अर्धवट निवडून पडली होती. अर्नेस्टीनबाई भाजी अर्धवट टाकतात म्हणजे काहीतरी भलतंच चाललंय, हे व्हॉनेटाला कळायला हवं होतं.

"ममा, काय करतेस?"

"बोलतेय लोकांशी."

व्हॉनेटाने मागून वाकून पाहिलं. त्या तुकड्याखाली लिहिता यावं म्हणून आईने अकाउंट उघडलं होतं. स्वतःच्या पूर्ण नावाने, चर्चच्या टोपीतल्या फोटोसकट. आणि ती एकेकाला उत्तर देत सुटली होती.

'बाळा, मी तिची आई. तू कुणाचा? तुझ्या आईला माहीत आहे का तू असं बोलतोस?'

'तुझ्या फोटोत तू कुत्र्याचा मुका घेतो आहेस. ते तोंड धुऊन मग माझ्या मुलीबद्दल बोल.'

आणि एकाला तर ओळखून: 'टेड हॉलंड, तुझा मुलगा माझ्या बसमध्ये दर शुक्रवारी ओकायचा. कोण पुसायचं ते त्याला विचार.'

क्षणभर व्हॉनेटाला हसू फुटलं. मग तिला टेडच्या खालची ओळ दिसली. कुणीतरी आईच्या चर्चचं नाव शोधलं होतं, त्यावरून वस्ती, आणि वस्तीवरून रस्ता. घराचा नंबर तेवढा नव्हता.

"बंद कर. आत्ताच्या आत्ता बंद कर हे."

"का म्हणून? तुला बोलायला बंदी आहे, मला कुणी घातलीय?"

"ममा, त्यांनी आपला रस्ता लिहिलाय तिथे."

"लिहू दे. येऊ दे दारात. दारात यायची हिंमत नसते असल्यांची."

"आणि एकाची असली तर?"

आईने चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा काढला की ती एकदम म्हातारी दिसायची.

"मी काय करायचं मग?" ती म्हणाली. "कोलार्ड निवडत बसायचं? माझ्या पोरीला कायकाय म्हणतायत, आणि मी देठं मोडत बसू?"

व्हॉनेटाने आईच्या हातून मोबाइल घेतला आणि ते अकाउंट पुसून टाकलं. आई त्या दिवशी तिच्याशी बोलली नाही. शेजारचा मिस्टर प्रुएट आठवडाभर व्हरांड्यात खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी अंतिम सामना. तो व्हॉनेटाचा होता, महिन्यापूर्वीच तिला मिळालेला. सोळा वर्षांत मुलांच्या अंतिम सामन्यात मुख्य पंच म्हणून तिचं नाव पहिल्यांदाच लागलं होतं. बुधवारी कार्लचा फोन आला. आवाज मऊ होता, आणि तो मऊपणा ऐकूनच तिला पुढचं कळलं.

"या वेळी तू विश्रांती घे. जिममध्ये वातावरण तापेल. मुलांचा सामना आहे, लक्ष तुझ्याकडे जायला नको."

"माझ्या जागी कोण?"

कार्ल खाकरला. "रँडी."

तिने फोन ठेवला आणि तशीच रँडीला लावला.

"अंतिम सामना तू करतोयस?"

"कार्लने विचारलं, व्हॉनेटा. मी मागितला नव्हता."

"आणि तू हो म्हणालास."

पलीकडे कुठेतरी टीव्ही चालू होता. रँडीने तो बंद केला.

"मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणाला दिला असता. तुला थोडाच मिळणार होता?"

"रँडी, तो निर्णय कुणाचा होता?"

"आपल्या तिघांचा."

"कुणी पाहिलं होतं?"

"मी. पण बाहेर बोलायचं नसतं, तूच म्हणतेस नेहमी. हे निवळेल गं."

"तुझ्यासाठी निवळायला काही गढूळच झालेलं नाही," ती म्हणाली आणि फोन कापला. मग गाडीत जाऊन काचा वर करून, स्टीअरिंगला धरून, एकदा घसा फाटेस्तोवर ओरडली. त्याने काही झालं नाही. घसा तेवढा दुखला.

गुरुवारी एका अनोळखी नंबरवरून निरोप आला. जाडसर, संथ आवाज. "बेबी, मी रोझलिन ट्रॅव्हिस. फोर्ट व्हॅलीहून. शनिवारी दुपारी माझ्याकडे ये. आम्ही काहीजणी जमतोय. काही आणू नकोस. बर्फ आण, माझं मशीन बिघडलंय."

मिस रोझलिनचं नाव व्हॉनेटाने ऐकलं होतं. त्या भागात पहिल्यांदा शिट्टी गळ्यात घालणाऱ्या काळ्या बायकांपैकी ती एक. गुडघे गेले तेव्हा थांबली. पण व्हॉनेटाला जायची इच्छा नव्हती. 'खंबीर राहा,' 'प्रार्थना कर,' 'दुर्लक्ष कर' हे ऐकून तिचे कान किटले होते. चर्चमधल्या बायका तिचा हात दाबून 'तू किती सोसतेस' म्हणायच्या, आणि तिला वाटायचं, मी सोसत नाहीये, मला सोसायला लावताहेत. यातला फरक कुणालाच कसा कळत नाही?

"जा," आई म्हणाली. आता ती बोलू लागली होती. "घरात बसून माझं डोकं खाण्यापेक्षा त्यांचं खा."

शुक्रवारी रँडीने अंतिम सामना केला. व्हॉनेटाने तो पाहिला नाही. शनिवारी ती दोन पिशव्या बर्फ घेऊन फोर्ट व्हॅलीला गेली.

मिस रोझलिनच्या घराला लागून पत्र्याची शेड होती. गाडी बाहेर काढून तिथे टेबलं मांडली होती. एका कोपऱ्यात मोठ्या कढईत मासे तळले जात होते. आठ बायका होत्या. दोघी-तिघींना ती सामन्यांमुळे ओळखत होती, बाकीच्या कोलंबस, ऑल्बनी, वॉर्नर रॉबिन्सहून आलेल्या. सगळ्या पंच. मिस रोझलिन खुर्चीत बसून मासे तळणाऱ्या बाईला तेलाबद्दल सूचना देत होती आणि ती बाई एकही सूचना पाळत नव्हती.

व्हॉनेटा बसली. मनात म्हणाली, आता सुरू होईल सांत्वन.

"माझ्या मते बास्केट चांगली होती," मासे तळणारी बाई म्हणाली. तिचं नाव मर्लिस, टपाल वाटायचं काम करायची, आवाज खणखणीत.

व्हॉनेटाच्या कानशिलांत रक्त चढलं.

"तू होतीस तिथे?"

"नव्हते. पण पाहुण्या संघातल्या एका बापाने अख्खा सामना टिपलाय. तो मागवून घेतला मी. कापलेला नाही, पूर्ण. क्विआना, लाव गं तो."

क्विआना सगळ्यांत लहान, चोविशीची. तिने शेडमधल्या जुन्या टीव्हीला मोबाइल जोडला. आणि मग त्या नऊ बायका हातात बशा घेऊन टीव्हीसमोर उभ्या राहिल्या, आणि व्हॉनेटाच्या आयुष्यातली ती विचित्र दुपार सुरू झाली. त्यांनी तो क्षण थांबवला. मागे नेला. पुन्हा थांबवला. मर्लिस म्हणे, बोटं सुटलीत. ऑल्बनीची बाई म्हणे, डोळे तपासून घे, अंगठा अजून चेंडूवर आहे. कुणी पडद्यावर बोट ठेवलं तर तिथे माशाच्या तेलाचा डाग पडला आणि तो डागच चेंडू आहे की काय, यावर दोघींची जुंपली.

"आणि तू," मिस रोझलिन व्हॉनेटाकडे वळली, "मसलतीत पहिल्यांदा ज्याच्याकडे ती फेक होती त्यालाच विचारलंस. तिसऱ्याला आधी का नाही विचारलं? एकदा एकाने ठामपणे सांगितलं की दुसरा त्याच्या विरुद्ध बोलायला कचरतो."

"तिसऱ्याला दिसणं शक्यच नव्हतं, मिस रोझलिन. त्याच्यासमोर दोन पोरं उभी होती. हे बघा." व्हॉनेटा उठली, टीव्हीपाशी गेली, दाखवू लागली. कोण कुठे होतं, रँडीची नजर कुठून येत होती, लाल दिवा कुठे. ती बोलत होती, आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की त्या सामन्याबद्दल ती पहिल्यांदाच तोंड उघडत होती. आठवडाभर हजारो माणसं तिच्यावर बोलली, पण तू काय पाहिलंस, का ठरवलंस, हे तिला एकानेही विचारलं नव्हतं.

"ठीक आहे," मिस रोझलिन म्हणाली. "पटलं."

"मला नाही पटलं," मर्लिस म्हणाली. "बास्केट चांगलीच होती. घे, गरम आहेत तोवर खा."

व्हॉनेटाने खाल्लं. दोनदा वाढून घेतलं.

नंतर क्विआना तिच्याशेजारी येऊन बसली आणि तिने हात पुढे केला. "तुमचा मोबाइल द्या."

"कशाला?"

"आमची पद्धत आहे. आपापलं वाचायचं नाही. तुमचं मी वाचते, माझं तुम्ही वाचा. धमकी असेल ती जपून ठेवायची, पोलिसांकडे द्यायला. कामाचं असेल ते सांगायचं. बाकी पुसून टाकायचं."

"तुलाही येतात?"

"मागच्या वर्षी एका प्रशिक्षकाला बाहेर काढलं होतं मी. अजून येतात." तिने खांदे उडवले. "माझं मी वाचलं की दिवसभर दुसरं काही सुचत नाही. तुमचं वाचलं की नुसता राग येतो. राग परवडतो मला."

व्हॉनेटा त्या पोरीकडे पाहत राहिली. चोवीस वर्षांच्या पोरीला हे शहाणपण कशाला यावं लागलं, या विचाराने तिला पुन्हा चीड आली. तिने मोबाइल दिला. दोघींनी एकमेकींची खाती उघडून घेतली.

अंतिम सामना काढून घेतल्याचं व्हॉनेटाने सांगितलं. रँडीला दिला हेही सांगितलं. मर्लिसने कढईखालचा गॅस बंद केला.

"कार्लला फोन लावा," ती म्हणाली.

मिस रोझलिनने लावला, मोठ्या आवाजावर. कार्लने 'हॅलो मॅम' म्हटलं. तिच्याशी तो नेहमीच अदबीने बोलायचा.

"कार्ल, माझ्याकडे पंच बसल्यात. पुढच्या आठवड्यातल्या मुलींच्या सामन्यांसाठी तू यांच्यातल्या किती जणींना विनवण्या केल्यास?"

"मॅम, माणसंच मिळत नाहीत हो हल्ली. शिव्या खायला कोण येतंय?"

"तेच म्हणतेय. शिव्या खाल्ल्या की तू सामना काढून घेतोस. मग यांनी यायचं कशाला?"

कार्ल बराच वेळ सुरक्षा, वातावरण, मुलांचं हित असं काहीबाही बोलला. मिस रोझलिनने त्याला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "पुढचा आठवडा या मोकळ्या नाहीत," आणि फोन ठेवला.

सगळ्यांना ते पटलं असं नाही. ऑल्बनीच्या बाईची भाची त्याच स्पर्धेत खेळत होती. ती म्हणाली, मी जाणार, पोरींनी काय पाप केलंय? व्हॉनेटालाही ते बरं वाटत नव्हतं. "माझ्यापायी मुलींचे सामने बुडायला नकोत," ती म्हणाली.

"तुझा बुडाला तेव्हा कुणाला काय वाटलं?" मर्लिसने विचारलं. त्यावर वाद झाला, दोघी-तिघी रुसून पलीकडच्या टेबलावर गेल्या आणि केक कापायच्या वेळी परत आल्या. निर्णय बदलला नाही. ऑल्बनीची तेवढी जाणार होती आणि कुणी तिला अडवलं नाही.

कार्लने तीन दिवस धावाधाव केली. त्याने निवृत्त झालेल्यांना उठवलं, दुसऱ्या जिल्ह्यातून माणसं मागवली. एक सामना तरीही पंचांविना राहिला, तिसऱ्या क्रमांकासाठीचा मुलींचा सामना. तो त्याला पुढच्या सोमवारवर ढकलावा लागला.

"तू कर," त्याने व्हॉनेटाला फोनवर सांगितलं. आवाज आता मऊ नव्हता. "जोडीला क्विआना आणि मर्लिस. झालं समाधान? तुला हवं होतं ते मिळालं."

"मला अंतिम सामना हवा होता, कार्ल."

"तो होऊन गेला."

"माहीत आहे," ती म्हणाली. "सोमवारी येते मी."

सोमवारी जिम अर्धीही भरली नव्हती. तिन्ही पंच काळ्या बायका, असं कधी झाल्याचं त्या भागात कुणाला आठवत नव्हतं, आणि तेही कुणी ठरवून नव्हे, माणसं मिळाली नाहीत म्हणून. पायऱ्यांवर मिस रोझलिन आणि बाकीच्या बसल्या होत्या. त्यांच्या पलीकडे आई, टोपी घालून. दुसऱ्या सत्रात वरच्या रांगेतून एक माणूस ओरडला, "घड्याळ दिसतंय ना, डार्लिंग?" आणि त्याच्याभोवती हशा पिकला.

व्हॉनेटाने वर पाहिलं नाही. पण तिला कळलं की मिस रोझलिन उठली आहे. दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पायरी चढत ती त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसली. ती त्याला काय म्हणाली हे तिने पुढे कुणालाच सांगितलं नाही. तो माणूस पुढचा सगळा सामना मांडीवर हात ठेवून बसला होता.

सामना चांगला झाला. पोरी दमून, घामाघूम होऊन खेळल्या. मर्लिसने एक फाऊल चुकीचा दिला, आणि विश्रांतीत व्हॉनेटाने तिला तसं सांगितलं. "मला नाही पटलं," मर्लिस म्हणाली.

बाहेर वाहनतळावर रँडी उभा होता, टोपी हातात घेऊन.

"सामना बघायला आलो होतो," तो म्हणाला. "छान केलात."

"हं."

"एक सांगायचं होतं. तो निर्णय माझा होता हे कार्लला माहीत आहे. सामना संपला त्याच रात्री मी त्याला फोन करून सांगितलं होतं. तो म्हणाला, विषय वाढवू नकोस."

व्हॉनेटाने बॅग गाडीच्या टपावर ठेवली. तिला वाटलं होतं की आता आणखी राग येणं शक्य नाही. तसं नव्हतं.

"म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. तरी त्याने मला काढलं आणि तुला घेतलं."

"हो."

"आणि तू गेलास."

"गेलो." त्याने टोपी हातात फिरवली. "मला लाज वाटते, व्हॉनेटा."

"मला सांगून काय उपयोग? जिथे मला शिव्या पडतायत तिथे जाऊन लिही. आपल्या नावाने लिही."

"नियम आहे ना—"

"तेच," ती म्हणाली. "नियम आहे." ती गाडीत बसली. आई शेजारी येऊन बसली आणि तिने सीटचा पट्टा लावला. घराजवळ आल्यावर आई एवढंच म्हणाली, "त्या मर्लिसचा फाऊल चुकीचा होता," आणि व्हॉनेटा म्हणाली, "हो ममा."

रँडीने काही लिहिलं नाही. संघटनेनेही नाही. पुढच्या हंगामाचे सामने वाटले जातील तेव्हा कार्ल काय करेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मिस रोझलिन म्हणायची, तेव्हाचं तेव्हा बघू, शेड कुठे जात नाही. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तिथे जमायचं ठरलं.

व्हॉनेटा दवाखान्यात परत कामावर गेली. एकेक ताऱ्यांपैकी बरेचसे काढले गेले होते. तिचा फोटो पानावर परत आला नव्हता. तिने पहिल्या आठवड्यात विचारलं, डॉक्टर म्हणाला, करतो. दुसऱ्या आठवड्यात विचारलं, म्हणाला, अरे हो, विसरलोच. तिसऱ्या आठवड्यात ती स्वागतकक्षातल्या मुलीच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "आत्ता लाव. मी बघते." मुलीने लावला.

जेवणाच्या सुट्टीत ती गाडीत बसून क्विआनाचे संदेश उघडायची. रोज काही ना काही असायचं. ती वाचायची, दात-ओठ खायची, धमकी असेल तर जपून ठेवायची, बाकीचं पुसायची. एका दुपारी तसंच एक वाचून तिला इतकी चीड आली की हातातलं सँडविच तिने डब्यात परत टाकलं. त्या पोरीच्या आईबद्दल काहीतरी होतं. तिने ते पुसलं, दुसरं पुसलं, आणि क्विआनाला लिहिलं, 'आज विशेष काही नाही. जेवलीस का?'

मग पुढचा रुग्ण आला होता म्हणून हात धुवायला आत गेली.